कमरेच्या आतला खिसा

रेवा आणि अनुज,

मागच्या रविवारी रेवाचा फोन आला होता. तिनं हिवाळ्याचा कोट धुवायला दिला, तर दुकानातल्या बाईनं तो उलटा करून विचारलं की अस्तराच्या आत, कमरेपाशी, हा एवढासा खिसा कशासाठी आहे. रेवानं मला तेच हिंदीत विचारलं, "आजी, ये किसलिए था?" मी म्हटलं, आबांची सवय होती बाळा. ती हसली, मग तिच्या ऑफिसचं काहीतरी सांगू लागली, आणि फोन संपला. मी मात्र बराच वेळ तिथंच बसून राहिले. आबांना जाऊन काही आठवडेच झाले आहेत आणि मी आत्ताच त्यांना एका सवयीत गुंडाळून ठेवायला लागले आहे, असं वाटलं. सवय म्हटलं की विषय मिटतो. तो मिटू नये म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमची सोय झाली असती. पण इंग्रजी ही आबांची कोर्टातली भाषा होती, आणि मला सांगायचं आहे ते कोर्टात बोलता न आलेलं. त्यामुळे हळूहळू वाचा. अडलं तर बाबांना विचारा. नागपूरच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे छापून येईल तेव्हा आबांना ओळखणारे काही वकील, काही रेल्वेची माणसंही वाचतील. त्यांनी जरूर वाचावं. पण सांगते आहे तुम्हाला.

तुम्ही पाहिलेले आबा म्हणजे रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरात व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले, दारावर आलेल्या पाहुण्याला "कोणत्या गाडीनं आले?" असं आधी विचारणारे आणि मग "या" म्हणणारे. मी पाहिलेले पहिले आबा एकदम सडपातळ होते आणि तात्यापाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. त्यांचे वडील रेल्वेत मालधक्क्यावर कारकून. मुलगा नागपूरला कायदा शिकून आला, आणि रायपूरच्या कोर्टात उभा राहू लागला, तेव्हा त्याला रेल्वेची कामं मिळाली ती काही फार हुशारीमुळे नाही, असं ते स्वतःच सांगत. मालगाडीच्या पावत्या, वॅगनचे शिक्के, सील तुटल्याचे शेरे, हे सगळं त्यांना लहानपणापासून वाचता येत होतं, आणि इतर वकिलांना त्याचा कंटाळा होता.

तेव्हाचे दावे मालाचे असत. सिमेंट भिजलं, तेलाचे डबे गळले, गूळ वितळला. एकदा भाटापाऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं दावा लावला की त्याच्या पोह्याची पोती वॅगनमध्ये पावसानं भिजून सडली. आबांनी त्या पोत्यातला मूठभर नमुना घरी आणला, ताटात पसरून वास घेतला, मलाही घ्यायला लावला. मी म्हटलं, याला तर उंदराचा वास येतो. ते इतके खूश झाले की काय सांगू. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी व्यापाऱ्याच्या गोदामाबद्दलच सगळे प्रश्न विचारले, आणि संध्याकाळी येताना माझ्यासाठी जलेबी आणली. "अर्धी फी तुयी," म्हणाले. ते दिवस मला आवडायचे. पोती होती, डबे होते, आणि कुणी जिंकलं, कुणी हरलं तरी दोघंही दुसऱ्या दिवशी कोर्टासमोरच्या टपरीवर एकत्र चहा प्यायचे.

मग कायदा बदलला. गाडीतून पडून माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांना रेल्वेकडे भरपाई मागता येऊ लागली. चांगलाच कायदा होता. फक्त एक गोष्ट होती. गेलेला माणूस रीतसर प्रवासी असायला हवा, म्हणजे त्याच्याजवळ तिकीट असायला हवं. आबांच्या टेबलावर पोत्यांच्या फायली कमी झाल्या आणि माणसांच्या येऊ लागल्या. अशा फायलीत पोलिसांचा पंचनामा असतो. मेलेल्या माणसाच्या अंगावर काय काय सापडलं, ते त्यात लिहिलेलं असतं. शर्ट, रंग निळा, फाटलेला. पँट. चप्पल, एक. जेवणाचा डबा. तिकीट सापडलं असेल तर त्याचा नंबर लिहिलेला असतो. नसेल तर काहीच लिहिलेलं नसतं, आणि त्या न लिहिलेल्या ओळीवर आबांचा सगळा युक्तिवाद उभा असे. तिकीट नाही, म्हणून प्रवासी नाही, म्हणून भरपाई नाही. हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल... कायद्यानं ते बरोबर होतं. रेल्वेनं त्यांना तेवढ्यासाठीच नेमलं होतं आणि ते नीट, प्रामाणिकपणे काम करत होते.

पण अशा पहिल्यावहिल्या एका फायलीनंतरची संध्याकाळ मला आठवते. मी शिवणयंत्रावर तुमच्या बाबांच्या पँटची शिलाई उसवून लांबी वाढवत होते, कारण तो पुण्याला कॉलेजात निघाला होता. आबा हातात कागद घेऊन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ऐकून राहिली का? याच्या पँटीले आतून एक खिसा लाव. कमरेच्या पट्टीखाली. तिकीटापुरता." मी विचारलं, काहून? ते म्हणाले, वरचा खिसा उलटा झाला की रिकामा होतो. शर्ट दवाखान्यात कापून काढतात. कमरेच्या आतलं कुणी लवकर काढत नाही. एवढं बोलून ते कागद घेऊन परत गेले. मी खिसा लावला. पोरगं पहिल्यांदा घराबाहेर निघालं होतं आणि बाप त्याच्या पँटमध्ये पंचनाम्याची सोय करत होता.

तुमचे बाबा तेव्हा हसले होते. "बाबा, मी का चोर आहो? असा लपवून तिकीट नेऊ?" आबाही हसले. पण त्यानंतर आमच्या घरात प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यात तो खिसा आला. माझ्या परकराला, तुमच्या बाबांच्या सगळ्या पँटींना, पुढे तुमच्या आईला. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं ही आमच्याकडची रीत आहे. रेवा, तू लहान असताना आम्ही तुला गोंदियाला लग्नाला नेत होतो, तर आबा स्टेशनवर तुझा घोळदार फ्रॉक हातानं चाचपून मला रागावले होते, "अवो, पोट्टीच्या झग्याले खिसा काहून नाही?" तुला तिकीटच लागत नव्हतं तेव्हा. तरी गाडी सुटेपर्यंत ते अस्वस्थ होते. त्यांच्या या नादाची सगळ्या नात्यात थट्टा होई. रेल्वेचा वकील आणि स्वतःच रेल्वेला घाबरतो, असं माझा भाऊ त्यांना तोंडावर म्हणायचा. गाडीला ते घाबरत नव्हते, हे मला कळलं होतं. ते स्वतःच्या युक्तिवादाला घाबरत होते.

आता सुकवारोचं सांगते.

नवं राज्य झालं आणि आपलं रायपूर एकाएकी राजधानी झालं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं, आमच्या गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहू लागल्या, भोपाळहून आलेले अधिकारी दारोदारी भाड्यानं घर विचारत फिरू लागले. जिकडेतिकडे बांधकाम. त्या बांधकामांवर राबायला आजूबाजूच्या गावांतली माणसं सकाळच्या पॅसेंजरनं यायची आणि संध्याकाळी तशीच लटकत परत जायची. तिल्द्याकडचा एक मनहरण नावाचा मजूर असाच दाराशी उभा राहून येत होता. गर्दीचा रेटा आला आणि तो खाली पडला. सुकवारो त्याची बायको. तिच्या गावच्या कुणीतरी तिला एका वकिलाकडे नेलं, तिचा अंगठा घेतला, आणि दावा लागला. रेल्वेच्या दाव्यांचं न्यायाधिकरण त्या वेळी भोपाळलाच होतं, राज्य वेगळं झालं तरी. रेल्वेकडून उभे होते तुमचे आबा.

अशा कामात अर्जदार बाईची बाजू आधीच कागदावर लिहून दिलेली असते. तिच्या वकिलाला तिच्याशी बोलायचं काम पडत नाही. सुकवारोचा वकील तर त्या दिवशी आलाच नाही, त्याचा सहायक मागं बसून होता. उलटतपासणी करायची ती विरुद्ध बाजूच्या वकिलानं. म्हणजे तिल्द्याकडून भोपाळपर्यंत आलेल्या त्या बाईला दिवसभरात नवऱ्याबद्दल विचारणारा माणूस एकच भेटला, तो म्हणजे आबा. आणि आबा कोर्टात साक्षीदारांना कधीही दरडावत नसत. त्यांना तिची भाषा येत होती, लहानपण त्यांचं रायपूरच्या पाऱ्यांत, म्हणजे मोहल्ल्यांतच, गेलेलं. त्यांनी तिला आधी पाणी द्यायला लावलं. मग छत्तीसगढीत विचारलं, मनहरण कोणत्या कामावर होता, सकाळी काय खाऊन निघाला, तिकीट कोण काढायचं, तू पाहिलंस का. शेवटी विचारलं, "टिकिट ला कहाँ धरे रिहिस?" कुठं ठेवायचा तो तिकीट? ती म्हणाली, "गमछा के छोर म गठियाय रिहिस, साहब." गमछ्याच्या टोकाला गाठ मारून.

पंचनाम्यात गमछा नव्हता.

आबांनी तेवढंच न्यायाधिकरणापुढे दाखवलं. शर्ट आहे, पँट आहे, डबासुद्धा आहे. गमछा नाही, म्हणून त्या गाठीतलं तिकीटही नाही. सुनावणी संपल्यावर ते बाहेर आले, तर सुकवारो त्यांच्या मागं मागं आली. हात जोडून तिनं विचारलं, "अवइया पेशी कब हे, साहब?" पुढची तारीख कधी आहे. तिला वाटलं होतं की हाच आपला वकील.

हे त्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी म्हटलं, मग तुम्ही काय म्हणाले? ते म्हणाले, "काही नाही. घाम पुसला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "गमछा होता वो. तिकडचा मजूर गमछ्याबिगर घरून निघते का? उडून गेला असन, कोणं उचलला असन. मले पटलं होतं." मला त्यांना विचारायचं होतं की मग बोलले का नाही, पण त्याचं उत्तर मला येत होतं. विरुद्ध बाजूच्या वकिलाला पटणं हा काही पुरावा नसतो. आणि त्यानं ते बोलून दाखवणं म्हणजे ज्यांनी विश्वासानं काम दिलं त्यांच्याशी दगा. ते कुणाच्याही बाजूचे असोत, ही एक रेघ त्यांनी कधी ओलांडली नाही, आणि ती ओलांडणाऱ्या वकिलांशी ते बोलतही नसत.

काही महिन्यांनी एका दुपारी फाटकाशी एक बाई उभी होती. डोक्यावर तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळीच्या, भाजीचं गाठोडं. मला वाटलं भाजीवाली, मी आतूनच सांगितलं, आज नको. ती हलली नाही. "साहब हें का, दाई?" म्हणाली. साहेब आहेत का, आई. कोर्टात कुणालाही विचारलं तरी रेल्वेवाल्या वकिलाचं घर सांगतात, तसं विचारत विचारत आली होती. निकाल कधीच लागला होता, दावा फेटाळला गेला होता, पण तिच्या वकिलानं तिला ते कळवलंच नव्हतं. ती पुढची पेशी विचारायला आली होती. भाजी साहेबांसाठी आणली होती.

आबा व्हरांड्यातच होते. तिला पाहिलं आणि उठून आत गेले. मी तिला बसवलं, चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर ते ओट्याला टेकून उभे. हळूच म्हणाले, "मले तिच्याशी बोलता येत नाही. मी तिकडचा आहो." मी विचारलं, मग तिच्याकडचं कोण आहे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं लाचार मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या आईच्या मरणातसुद्धा नाही. ते म्हणाले, "कोणी नाही, हेच तर आहे."

चहा घेऊन बाहेर आले आणि मीच तिला सांगितलं. दावा हरला आहे, आणि साहेब तुझे नव्हेत, रेल्वेचे वकील आहेत. ती हसली. मी काहीतरी चुकीचं समजले आहे, असं तिला वाटलं. म्हणाली, "नइ दाई. मोर गोठ ला त साहबेच ह सुनिस. अउ कोन सुनिस?" माझं बोलणं तर साहेबांनीच ऐकलं, आणखी कुणी ऐकलं? मी पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं तेव्हा तिचं हसू हळूहळू गेलं. ती आतल्या दाराकडे पाहत राहिली. तिनं चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला. भाजी परत नेली नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तेव्हा बिलासपूरला वकिली करत होती. नवं उच्च न्यायालय तिथं सुरू झालं होतं. मी सुकवारोला तिचं नाव सांगितलं आणि अपील करता येतं एवढं सांगितलं. ते मी आबांना विचारून केलं नाही, आणि त्यांनीही मला कधी विचारलं नाही. अपील दाखल झालं. रेल्वेची फाईल रिवाजाप्रमाणे त्यांच्याचकडे आली. आबांनी ती तब्येतीचं कारण देऊन परत पाठवली. सगळ्या कारकिर्दीत त्यांनी परत केलेली तेवढी एकच फाईल. मला वाटलं, चला, आता तरी त्या बाईला... पण फाईल दुसऱ्या वकिलाकडे गेली आणि फाईलमध्ये आबांनीच रेल्वेतर्फे पूर्वी तयार केलेला लेखी जबाब होता, इतका चोख की नव्या माणसाला त्यात एक शब्द घालावा लागला नाही. अपील फेटाळलं गेलं. "माया जबाबच जिंकला," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी घालत राहिले, जी आधीच घातलेली होती.

त्यानंतर सुकवारो एकदाच आली. भांडायला नाही. रायपूरला कुठल्या तरी बांधकामावर आता तीच काम करत होती, आणि जाता जाता साहेबांना भेटून जावं, असं तिच्या मनात आलं. या वेळी आबा आत गेले नाहीत. व्हरांड्यात समोरासमोर बसले दोघं. मला वाटलं, आता सांगतील. गमछ्याचं सांगतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण बोलले ते एवढंच, "टिकिट कहाँ धरे हस?" परतीचं तिकीट कुठं ठेवलंस? तिनं पदराचं टोक दाखवलं. गाठ मारलेली होती. आबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हिले खिसा शिवून दे."

मी माझा एक कोरा परकर काढला, कमरेच्या नाडीखाली आतून खिसा लावला आणि तिला दिला. ती आधी लाजली, मग पदर तोंडाला लावून हसली. तिनं पदराची गाठ सोडून तिकीट माझ्यादेखत खिशात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. आबांनी मान हलवली. जन्मभर कायदा केलेल्या माणसाला त्या बाईसाठी एवढंच करता आलं.

बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी आली की देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, नुसतं अंगावर तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं धरता येणार नाही. आबा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि मला वाचायला दिली. मी आनंदानं विचारलं, मग सुकवारोचं आता काही होईल का? ते म्हणाले, संपलेलं काम उघडत नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि मग तो झटका आला, ज्याच्यानंतरचे आबा तुम्ही फोनच्या पडद्यावर पाहिले. उजवी बाजू गेली, पण मला सगळ्यात कठीण गेलं ते बोलणं जाणं. इंग्रजी गेली, मराठी गेली, माझं नावही गेलं. बोलणं शिकवायला येणारी मुलगी सांगायची की एखादं वाक्य, जे माणसानं फार वेळा म्हटलेलं किंवा मनात घोळवलेलं असतं, ते कधीकधी आत शिल्लक राहतं. त्यांच्यात शिल्लक राहिलं ते हे. "टिकिट कहाँ धरे हस?" डॉक्टरला तेच, पेपरवाल्याला तेच, सकाळी मी तोंड धुवून द्यायला गेले की मलाही तेच. अनुज, तू एकदा तुझा पासपोर्ट कॅमेऱ्यापुढे धरलास आणि म्हणालास, "ये रहा, आबा." ते हसले होते. तुम्हाला वाटलं खेळ चालला आहे. मी बाजूला होते, मला दिसत होतं की ते हसतात पण त्यांच्या डोळ्यांत ते उत्तर पोचत नाही. त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं किंवा सांगायचं होतं, आणि तोंडातून येत होतं फक्त हेच. मी कितीतरी नावं घेऊन पाहिली. तुमच्या बाबांचं घेतलं, त्यांच्या आईचं घेतलं. एकदा म्हटलं, सुकवारो? ते माझा हात धरून रडले. मग पुन्हा तेच वाक्य. मी काय करू शकत होते... मी त्यांच्या पायजम्यांना आतून खिसा लावत राहिले, कारण डाव्या हातानं ते तो चाचपून पाहत आणि सापडला की शांत होत.

दवाखान्यातून शेवटी त्यांचे कपडे मला एका प्लास्टिकच्या पिशवीत परत मिळाले. नर्सनं सांगितलं, पाहून घ्या, सगळं आहे ना. सदरा समोरून कापलेला होता, पायजमा तसाच होता. मी पायजम्याच्या कमरेत हात घातला. माझीच शिवण बोटांना लागली. खिसा रिकामा होता. तो रिकामाच असणार, त्यांना कुठं जायचं होतं? तरी मी पुन्हा हात घातला.

तेरवी झाली, तुमचे बाबा परत गेले, आणि मग एका सकाळी फाटकाशी सुकवारो उभी होती. केस पांढरे झाले आहेत, पण मी ओळखलं. कुणाकडून तरी कळलं होतं. या वेळी तिच्या हातात काही नव्हतं. मी तिला आबांच्या खुर्चीशेजारी बसवलं. इतक्या वर्षांत त्यांना बोलता आलं नाही ते मीच सांगितलं. म्हटलं, गमछ्याचं साहेबांना पटलं होतं. पहिल्याच दिवशी पटलं होतं. तुझं खरं होतं, हे त्यांना माहीत होतं.

राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. लहान मुलीनं विचारावं तसं तिनं विचारलं, "त कहिस काबर नइ, दाई?"

मग बोलले का नाहीत. मला कायदा सांगता आला असता, वकिलाचा धर्म सांगता आला असता. छत्तीसगढीत नाही, पण हिंदीत नक्की सांगता आला असता. मी काहीच सांगितलं नाही. तिची गाडी दुपारची होती. ती उठली, फाटकापर्यंत गेली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "टिकिट कहाँ धरे हस?"

तिनं कमरेवर हात ठेवला. "इहाँ हे दाई. बहू के साया म घलो सिले हँव." इथंच आहे आई, सुनेच्या परकरालाही शिवला आहे. मी दिलेला परकर तर कधीच विरून गेला असणार. नव्याला खिसा तिनं स्वतः शिवला.

आबांचा काळा कोट मी देऊन टाकला आहे, कायद्याची पुस्तकं एका नव्या वकील मुलीनं नेली. वेताची खुर्ची व्हरांड्यात आहे, पण तिच्यात कुणी बसत नाही. तिल्द्याकडच्या एका घरात दोन बायकांच्या परकरांना आतून खिसा आहे. तुमच्या दोघांच्या कोटांनाही आहे.